नऊ इंचांवर एक खिळा

आप्पा कापडणीसांच्या शर्टाच्या खिशात पेन मी कधी पाहिलं नाही. तिथे सहा इंची स्टीलची पट्टी असे. नाशिकला अंबडच्या आमच्या कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन आणि मी ड्रॉइंग ऑफिसात. इंदिरानगरच्या एकाच गल्लीत समोरासमोर राहत असल्यामुळे सकाळी ते माझ्या स्कूटरच्या मागे बसून कामावर येत. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. 'पेन्सिल' म्हणत. चारचौघांत, माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा पेन्सिल.

ती पट्टी कुठेही बाहेर येई. भाकरी किती जाड झाली, देवघराचा कोनाडा किती खोल आहे, बँकेतल्या खुर्च्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, हे त्यांना पाहावंच लागे. सुमनवहिनी सांगायच्या की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा यांचं पहिलं वाक्य होतं, 'तुझा पाट अर्धा इंच उंच आहे.' वहिनी हे तक्रारीच्या सुरात सांगायच्या, पण सांगताना त्यांना हसू आवरत नसे. आप्पांचं म्हणणं एकच, दुसऱ्याने घेतलेलं माप आपण वापरायचं नाही. मी काढलेल्या ड्रॉइंगवरची मापंसुद्धा ते आधी स्वतः तपासत आणि मगच मशीनला हात लावत. सुरुवातीला मला राग यायचा. मग माझ्याच दोन चुका त्यांनी पकडल्या आणि त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही, तेव्हापासून राग गेला.

शिव्या ते देत नसत. त्यांच्याकडे एकच वाईट शब्द होता, बोथट. साहेब बोथट, सरकार बोथट, गल्लीतला दूधवाला बोथट. रविवारी सकाळी ते ओट्यावर कानस घेऊन बसत आणि आमच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या विळ्या आणि कात्र्या त्यांच्यापुढे येत. माझ्या बायकोने एकदा धार लावलेल्या विळीने बोट कापून घेतलं, तर हे खूश. म्हणाले, "चला, म्हणजे काम झालं."

चेनसॉ त्यांच्याकडे आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. रस्ता रुंदीकरणात झाडं तोडणाऱ्या एका कंत्राटदाराने बंद पडलेलं मशीन टूलरूममध्ये दुरुस्तीला आणलं आणि परत न्यायला तो आलाच नाही. वर्षभर वाट पाहून आप्पांनी त्याला शोधून काढलं आणि ते रीतसर विकत घेतलं. तोवर नाशकात झाड कापायचं म्हणजे कुऱ्हाड किंवा दोन माणसांनी ओढायची करवत. ह्या मशीनला पेट्रोलमध्ये स्कूटरचंच ऑइल मिसळून घालायचं असतं, हे कळल्यावर आप्पा माझ्या डिकीतली ऑइलची बाटली हक्काने नेऊ लागले. त्यांनी अंगणात ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं, माझ्या स्कूटरचा सायलेन्सर गळून पडला.

आता माणूस झाड आडवं कापेल, जळणाचे ओंडके करील. आप्पांना ते बोथट काम वाटे. त्यांना खोड उभं कापायचं होतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, फळ्या काढायच्या होत्या. सॉमिल कशाला आहे मग, असं मी विचारलं. ते म्हणाले, सॉमिलला झाड न्यावं लागतं, आपण मशीन झाडाकडे नेऊ.

संधीही चालून आली. महापालिकेने पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात आमच्या कोपऱ्यावरचा गुलमोहर आडवा झाला. आप्पांनी दोन दिवसांत परवानगीचा कागद आणला, सुमनवहिनींच्या फुलवातींच्या कापसाचे बोळे कानात घातले आणि सगळ्या गल्लीसमोर पहिली फळी कापली. दीड तास लागला. ती उचलून ओट्यावर ठेवली तेव्हा एका टोकाला दोन इंच जाड होती आणि दुसऱ्या टोकाला साडेचार. मधे तिला पोटही आलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे पाट आणि भाकऱ्या मोजल्या, त्याच्या हातून हे झालं, म्हणून गल्लीने मनसोक्त हसून घेतलं. आप्पाही हसले. मग त्यांनी त्या फळीवर खडूने 'पहिली' असं लिहिलं आणि ती व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी टांगली. आपली चूक झाकणारा माणूस त्यांना फार बोथट वाटे.

पुढचे दोन महिने टूलरूममधली जेवणाची सुट्टी ह्याच विषयाला वाहिलेली होती. त्यांच्या लक्षात आलं की मशीनसोबतची चेन आडव्या कापाची आहे. उभं कापताना तिचे दात वेगळ्या कोनात घासायला हवेत, जवळजवळ सरळ. ते प्रत्येक दाताला कानशीचे मोजून तीन हात देत. दुसरी गोष्ट, खोड असतं गोल, त्याला पाठ नसते, मग मशीन टेकवायचं कशावर? ह्यावर त्यांनी काढलेला उपाय ऐकून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आजारी पडायचे बाकी होते. ट्यूबलाइट बदलायची सोसायटीची अल्युमिनियमची शिडी त्यांनी खोडावर आडवी पसरली, खाली पाचरी मारून ती पाणसळीत आणली आणि स्क्रूने खोडाला पक्की केली. भंगारातल्या पाइपांची एक चौकट करून तिच्यात मशीन अडकवलं. चौकट शिडीवरून सरकत गेली की खाली पातं सरळ जाणारच. पहिला काप झाला की शिडी काढायची. झाडाला सपाट पाठ मिळाली, आता पुढची प्रत्येक फळी त्याच पाठीवरून. कापलेल्या लाकडात पातं चिमटू नये म्हणून मागे मागे लाकडी पाचरी ठोकत जायचं. ते माझं काम होतं.

त्याच चरात पुढे पडलेल्या दुसऱ्या गुलमोहराची फळी दोन्ही टोकांना अडीच इंच आली. भुसाही बारीक पीठ न पडता शेवयांसारखा लांब लांब पडला. आप्पांनी मूठभर उचलून मला दाखवला आणि म्हणाले, "हे बघ पेन्सिल, धार बोलते." त्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक घरात गुलमोहराचं एकेक स्टूल झालं. गुलमोहराचं लाकूड टिकत नाही, दोन वर्षांत त्यांना भुंग्यांनी पोखरलं. पण तोवर आप्पांचा हात बसला होता.

आप्पांचं गाव नामपूर, सटाण्याच्या पुढे. अकरा वर्षांत ते तिकडे गेले नव्हते आणि ह्यालाही कारण मापच होतं. वडिलांच्या पश्चात दोघा भावांची शेतं शेजारी शेजारी आली, मधे बांध, बांधावर जुनं कडुनिंबाचं झाड. धाकटा रामदास गावी शेती करायचा, आप्पांनी आपला हिस्सा दुसऱ्याला वाट्याने दिलेला. एका दिवाळीला आप्पा टेप घेऊन शेतात उतरले आणि रामदासच्या सासुरवाडीची माणसं बसलेली असताना त्यांनी जाहीर केलं की बांध नऊ इंच आपल्या शेतात सरकला आहे. नांगरताना बांध इकडेतिकडे होतोच, बैलांना काही पट्टी समजत नाही. पण पाहुण्यांसमोर भावाने चोर ठरवलं, हे रामदासला सोसलं नाही. त्याने आठ दिवसांत बांधाच्या कडेने, कडुनिंबालाच खिळे ठोकून, काटेरी तार ओढली आणि निरोप पाठवला, आता मोजत बस. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. वहिनी मला हे सांगताना म्हणाल्या, "माप बरोबरच असेल यांचं. पण बरोबर असून काय करायचं?"

तर त्या बांधावरचं कडुनिंब एका जानेवारीत पडलं. विहिरीच्या खोदाईत त्याची मुळं उघडी पडली होती. वाटेकऱ्याने फोन केला. रामदासने वीटभट्टीवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो सोमवारी संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन येणार होता. अर्धं झाड आप्पांचं, त्यांना हवं तर त्याआधी घेऊन जावं. पण अर्धं म्हणजे कोणतं? बुंध्याकडचं जाड की शेंड्याकडचं बारीक? ह्यावर पुन्हा नवं भांडण ठरलेलंच होतं. आप्पांनी फोन ठेवला. मग समोरून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "पेन्सिल, उभं कापू. मधोमध. कुणाचं कमी नाही, कुणाचं जास्त नाही."

सोसायटीची शिडी टेम्पोच्या टपावर बांधून आम्ही रविवारी नामपूरला पोचलो. वहिनी सोबत होत्या. सोमवारी सकाळी काम सुरू झालं. रामदासची कांद्याची चाळ तिथून शंभरेक पावलांवर, आणि तिच्या सावलीत आमच्याकडे पाठ करून एक पटक्यातला माणूस सुतळी वळत बसला होता. हाच रामदास, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पाठीमागून दोघं भाऊ अगदी सारखे दिसत.

तारेच्या खिळ्यांची आप्पांना कल्पना होती. तार मात्र आता नव्हती, गंजून केव्हाच भंगारात गेली होती. त्यांनी कारखान्यातून एक मोठं लोहचुंबक आणलं होतं आणि ते सालीवरून फिरवून दोन खिळे शोधून उपटले. बाकी काही लागेना. पण अकरा वर्षांत झाडाने खिळे आत ओढून घेतले होते, वर दोन बोटं लाकूड चढलं होतं. पहिल्या कापात पाऊण हात गेलो आणि खर्रकन आवाज आला, ठिणग्या उडाल्या. चेनचे आठ दात सपाट. दुसरी चेन चढवली, ती आणखी वीतभर गेली आणि तुटली. आता एकच चेन उरली होती. नवीन मिळणार ती नाशकात, शंभर किलोमीटरवर, आणि ट्रॅक्टर यायला पाच तास होते. ही चेन गेली की झाड भट्टीत जाणार होतं आणि दोन भावांमधला हा शेवटचा वाटा तसाच राहणार होता.

खिळे नेमके कुठे आहेत हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो सुतळी वळत होता.

मी म्हटलं, मी जाऊन विचारून येतो. आप्पांनी हातातली पट्टी खिशात घातली, कानातले बोळे काढले. वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात देऊन मला आप्पांच्या मागे जायची खूण केली. आप्पा शंभर पावलं चालत गेले. एवढा ताठ चालणारा माणूस, पण त्या दिवशी मी त्यांना ढेकळांत दोनदा अडखळताना पाहिलं.

चाळीपाशी पोचून ते उभे राहिले. रामदासने मान वर केली नाही. अकरा वर्षांनंतर धाकट्या भावाशी बोलायचं पहिलं वाक्य काय असावं, हे त्यांनी वाटेत ठरवलं असेल किंवा नसेल. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "रामा, तुना खिया कोठे शेतस?"

तुझे खिळे कुठे आहेत. एवढंच.

रामदासने सुतळीची गुंडी खाली ठेवली. "किती शेतस ते इचार पहिले," तो म्हणाला.

"किती?"

"चौदा."

तो उठला आणि आमच्या पुढे चालू लागला. झाडाशी येऊन त्याने बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली. तिच्या चुन्याच्या खणात बोट बुडवून तो सालीवर ठिपके देत गेला, बुंध्याकडून वर, न थांबता, न चाचपता. एका रेषेत दोन, मग पुढे सरकून दोन. सात तारा, प्रत्येक तारेला दोन खिळे. पांढरे चौदा ठिपके झाले. आप्पांनी उपटलेले दोन त्यातच होते.

आप्पांना राहवलं नाही, पट्टी बाहेर आली. त्यांनी पहिल्या जोडीपासून दुसऱ्या जोडीचं अंतर घेतलं. मग तिसरीचं. मग पट्टी तशीच झाडावर धरून ते भावाकडे पाहू लागले. प्रत्येक तार बरोबर नऊ इंचांवर मारली होती.

रामदास म्हणाला, तूच तर सांगितलं होतंस नऊ इंच, मी तेवढंच धरून तारा मारल्या. कोंबडीसुद्धा पलीकडे गेली नाही पाहिजे म्हणून सात मारल्या. हे तो चिडून सांगायला लागला होता, पण वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज फुटला आणि आप्पा हसू लागले. मग दोघंही हसत सुटले, रामदास तर डोळे पुसायला खालीच बसला. सुमनवहिनी पदर तोंडाला लावून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मीही कुठे पाहावं ते न कळून पाचरी मोजू लागलो.

दुपारभर रामदासच्या पटाशीने आणि हातोडीने खिळे निघत राहिले. मग शेवटची चेन चढली. बुंधा फार रुंद होता, चौकटीचं दुसरं टोक कुणीतरी धरून ओढावं लागे. सकाळपासून ते मी धरत होतो आणि माझ्या तळहातांना फोड आले होते. रामदासने माझ्या हातांकडे एक नजर टाकली, मला बाजूला व्हायला सांगितलं आणि टोक स्वतः धरलं. आप्पांनी वहिनींकडून कापूस घेऊन त्याच्या कानात बोळे घातले, लहान मुलाच्या घालावेत तसे. मशीनच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. दोघं एकमेकांकडे पाहत इंचाइंचाने सरकत होते, एकाने मान हलवली की दुसरा थांबे. भुसा शेवयांसारखा दोघांच्या पायांवर पडत होता.

साडेचारला काप पूर्ण झाला आणि झाड मधोमध उघडलं. आतला लालसर गाभा दोन्ही बाजूंना सारखाच, आरशात पाहिल्यासारखा. वीटभट्टीवाला येऊन उभा होता, त्याला फांद्या देऊन वाटेला लावलं.

रामदास म्हणाला, "मोज."

मला वाटलं, आता नको. पण आप्पांनी मोजलंच, तीन ठिकाणी, वाकून, चष्मा वर करून. मोजल्याशिवाय ते बोलणारे नव्हते. मग ते सरळ उभे राहिले. भावाच्या अर्ध्यात दोन सूत लाकूड जास्त होतं, म्हणजे पाव इंच. त्यांनी तसं सांगितलं. रामदासचा चेहरा पुन्हा घट्ट व्हायला लागला होता.

"मशीन मना हातमा व्हतं," आप्पा म्हणाले. "चूक मनी शे."

चूक माझी आहे. ते दोन सुतांबद्दल बोलत होते, असं ज्याला समजायचं त्याने समजावं. रामदासला काय समजलं ते त्याच्या तोंडावर दिसलं. तो म्हणाला, वहिनी, आज जेवायला आमच्याकडे, आणि घराकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्ध्यांच्या तीन-तीन इंची फळ्या काढल्या. ओलं लाकूड लगेच वापरता येत नाही, इंचाला एक वर्ष ह्या हिशेबाने वाळवावं लागतं, चारी अंगांनी वारा लागेल असं. आप्पांनी नाशकात जागा शोधायचा विचार बोलून दाखवला, तर रामदासने चाळीकडे बोट केलं. कांद्याची चाळ वाऱ्यासाठीच बांधलेली असते, खालून फटी, बाजूंनी फटी. फळ्यांची टोकं चिरू नयेत म्हणून फाटकाच्या उरलेल्या हिरव्या रंगाने रंगवली, मधे बारीक रिपा घातल्या आणि झाड होतं त्याच क्रमाने रचून ठेवलं. कुणाच्या कोणत्या, ते वेगळं करायचं राहून गेलं. आप्पांनी एक तुकडा बाजूला काढला. दर महिन्याला तो रामदासच्या कांद्याच्या काट्यावर तोलायचा, वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. आकडा चाळीच्या खांबावर खडूने लिहायचा.

त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आप्पा जुन्या सीबीएस बसस्टँडवर सटाण्याच्या गाडीला उभे असत. पट्टी खिशात, पिशवीत वहिनींनी केलेलं काही. लाकूड पाहायला जातो, म्हणत. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर कधी महिन्यात दोनदा जात. त्या लाकडाचं मोठं जेवणाचं टेबल करायचं, दोन्ही घरांची माणसं एका वेळी बसतील एवढं, असं ठरलं होतं. त्याचं ड्रॉइंगही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, आणि अर्थातच त्यातली एक चूक काढली.

मी दुसरी नोकरी धरून पुण्याला गेलो. आप्पा गेल्याचं वहिनींच्या पत्रातून कळलं. ते पत्र वाचून मी उगाच ड्रॉइंग बोर्डाशी जाऊन उभा राहिलो. ह्या माणसाने माझ्या कामावर जेवढं प्रेम केलं तेवढं मला पगार देणाऱ्यांपैकी कुणी केलं नाही.

नाशिक सोडण्याआधी मी त्यांच्याबरोबर एकदा नामपूरला गेलो होतो, ती आमची एकत्र शेवटची फेरी. झाड कापल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. चाळीत कांदा भरलेला, एका अंगाला त्या फळ्या. मी सहज बोटाने टकटक केली. लाकूड खणखणीत वाजलं. सुतारकामातलं मला फार कळत नाही, पण तेवढं कळतं.

रामदासने तुकडा काट्यावर ठेवला. दोघं भाऊ वाकून, एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून काटा पाहू लागले. मी त्यांच्या मागे खांबापाशी होतो. खांबावर वरपासून आकडे उतरत आले होते, आणि मग एका ठिकाणी थांबले होते. तिथून खाली एकच आकडा होता, सात किलो शंभर, एकाखाली एक, गुडघ्यापर्यंत. निदान तीस वेळा. सगळे आप्पांच्या हातचे.

आप्पांनी खडू घेतला, खाली बसून त्यांनी पुन्हा सात किलो शंभर लिहिलं, आणि हात झटकत उठले.

"आजून वलं शे," ते भावाला म्हणाले. अजून ओलं आहे. "पुढला महिनामा येसू."

रामदासने फळ्यांकडे नीट निरखून पाहिलं आणि मान डोलावली. "वलंच शे," तो म्हणाला. "येजो."